खालची पट्टी

टीव्हीवर बोलणाऱ्या माणसाच्या छातीखाली एक पट्टी येते, नाव आणि हुद्दा लिहिलेली. २०१९ च्या फेब्रुवारीत पुलवामा झालं, १४ तारखेला, आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी पहिल्यांदा एका मराठी चॅनलवर दिसलो तेव्हा माझ्या पट्टीवर लिहिलं होतं, 'निवृत्त मेजर, संरक्षण तज्ज्ञ'. मी मेजर नाही. मी हवालदार होतो, तोफखान्यात, २४ वर्षं. बोलताना मला ती पट्टी दिसली नाही कारण मी आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, बसून मोबाईलच्या डोळ्यात बघत होतो, समोर स्क्रीन वगैरे काही नव्हतं. रात्री पुतण्यानं फोटो दाखवला, तो खूश होता, म्हणे काका मेजर लिहिलंय. मी ताटावर बसलो होतो, घास खाली जाईना.

सिव्हिलमधल्या लोकांना यात एवढं काय ते पटकन कळत नाही म्हणून सांगतो. हवालदार आणि मेजर यांच्या मध्ये नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, मग लेफ्टनंट, कॅप्टन एवढं सगळं आहे. खांद्यावर जे असतं ते कमावलेलं असतं, आणि दुसऱ्याचा हुद्दा आपल्या नावापुढं लावणं फौजेत चोरीच्या जवळ जातं. त्याच रात्री माझ्या जुन्या बॅटरीतल्या, म्हणजे तोफांच्या तुकडीतल्या, एका जोडीदाराचा फोन आला, तो आता नगरकडं असतो. त्यानं सरळ विचारलं, भाऊ, हे तू सांगितलंस का त्यांना? मी म्हटलं नाही रे बाबा. तो म्हणाला, मग ठीक आहे, आणि फोन ठेवला. तो 'ठीक आहे' मला अजून ऐकू येतो. सकाळी मी चॅनलमधल्या त्या पोराला फोन करून सांगितलं की दुरुस्त करा, हवालदार लिहा, तर तो अगदी अदबीनं म्हणाला, सर त्यानं काय फरक पडतो, लोकांना मेजर म्हटलं की कळतं.

पुढची पाच वर्षं मी टीव्हीवर जे काही केलं, आणि टीव्हीच्या बाहेर जे काही केलं, ते या एका वाक्याभोवती फिरतंय असं मला आता मागं वळून बघताना वाटतं.

आमचं गाव जळगाव जिल्ह्यात, पारोळ्याहून अमळनेरकडं जाताना लागतं, बोरी नदीच्या अंगाला. कापसाचं गाव. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी म्हणून गाव आहे, गावाच्या नावातच मिलिटरी, तिथं फौजेतल्या कागदाचं काही अडलं तर शेजारच्या घरात विचारलं तरी उत्तर मिळत असेल. आमच्याकडं फौजी विखुरलेला, या गावात दोन, त्या गावात चार, एखाद्या गावात एकच म्हातारा आणि त्याची काळी ट्रंक. मी लहान असताना आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता, आणि १९८९ मध्ये दूरदर्शनवर 'फौजी' लागायची तेव्हा त्या घराच्या ओट्यापर्यंत पोरं बसलेली असायची. त्या मालिकेतून शाहरुख खान पुढं आला हे सगळ्यांना माहिती, पण ती केलेली कर्नल राज कपूर यांनी, आणि ते स्वतः फौजेतून निवृत्त झालेले अधिकारी, हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे फौजेतून येऊन टीव्हीत जाणं हे काही आजचं नाही. मी मात्र तेव्हा उलट्या दिशेनं निघालो, टीव्ही बघून फौजेत. १९९३ ला भरती झालो, नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरला ट्रेनिंग झालं, धुळ्याहून एसटीनं मालेगाव करत गेलो होतो ते आठवतंय, आईनं कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता.

कारगिलबद्दल लोकं मला सारखं विचारतात. १९९९ ला मी द्रास भागात बोफोर्सच्या तोफेवर होतो, १५५ मिलिमीटरची तोफ, एक गोळा चाळीस किलोच्या वर. त्या दोन-अडीच महिन्यांत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांवर गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली, त्यातले काही या हातांनी भरले. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली की आश्चर्य वाटतं, तोफेवरच्या माणसाला बहुतेक वेळा टार्गेट दिसतच नाही. तोफ डोंगराच्या अलीकडं, शत्रू पलीकडं, मध्ये कुठंतरी उंचावर आमचा एक अधिकारी दुर्बीण घेऊन बसलेला, तो वायरलेसवर आकडे सांगणार, आम्ही ते आकडे तोफेला लावणार आणि फायर. काही शिखरांवर थेट समोर बघूनही मारा केला, पण एरवी आमचं सगळं युद्ध म्हणजे आकडे, घाम आणि आवाज. ५२७ जण गेले त्या युद्धात. त्यातल्या कुणाच्या वर चढण्याआधी आम्ही दगड फोडून ठेवले असतील, कुणाच्या वेळी कमी पडलो असू, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

आवाजानं उजवा कान गेला. पूर्ण नाही, पण गर्दीत समोरचा काय बोलतो ते समजत नाही, आणि रात्री आत एक शिट्टी वाजत राहते. म्हणून टीव्हीचा इअरफोन मी डाव्या कानात घालतो.

२०१७ ला घरी आलो. वय बेचाळीस. फौजेत शिपाई-हवालदार माणूस पस्तिशी-चाळिशीत मोकळा होतो, पोरांची शाळा अर्धी झालेली असते, घर अर्धं बांधलेलं असतं आणि गावात सगळ्यांना वाटतं याला काय, पेन्शन आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना गट क मध्ये १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के जागा असतात, पण त्या परीक्षांना बसायचं म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा गणिताचं पुस्तक उघडायचं. मी एका जिनिंगवर सिक्युरिटीला लागलो. रात्रपाळी, गठाणींचा हिशोब, गेटवर नोंद. वाईट काम नव्हतं. पण तिथल्या मुकादमापासून सगळे मला 'ए फौजी' म्हणायचे, नाव कुणी घेतलं नाही.

मग ती फेब्रुवारी आली. आधी तालुक्याच्या केबलवाल्यानं बोलावलं, एका खोलीत हिरवा कपडा लावलेला आणि दोन लाईट, इतकी उष्णता की घाम पुसायला रुमाल मांडीवर ठेवून बोललो. त्याची क्लिप फिरली आणि मुंबईच्या चॅनलचा फोन आला, म्हणे सर व्हिडिओ कॉलवर या. आमच्या घरात रेंज नाही, धाब्यावर आहे. म्हणून वर खाट नेली, खाटेवर उशी, उशीवर धान्य मोजायची पायली उपडी ठेवली आणि पायलीला मोबाईल टेकवला. बायकोनं मागच्या दोरीवरचे कपडे काढले, पुतण्या खाली जाऊन पाण्याची मोटार बंद करून आला कारण तिचा आवाज येत होता. हीच मांडणी अजून आहे, फक्त पायली नवीन घेतली, स्टीलची.

चॅनलवर मुख्यतः अधिकारी येतात, आणि त्यात चूक नाही. ब्रिगेडियर हेमंत महाजन यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं मराठीत लिहितात, बोलतात, नकाशा समोर ठेवून समजावतात, त्यांना बटालियन-ब्रिगेड चालवल्याचा अनुभव आहे. मला तो नाही. मला एक तोफ आणि तिच्यावरची माणसं चालवल्याचा अनुभव आहे. पण अँकर मला पण तेच विचारणार, आता पुढं काय होणार, आपण कधी घुसणार, आणि वर सांगणार की सर चाळीस सेकंद. चाळीस सेकंदात माणूस फक्त ओरडू शकतो. पहिल्या वर्षी मी ओरडलो, हे लिहिताना बरं वाटत नाही पण खरं आहे. गावात लोकं पाठीवर थाप मारायचे, म्हणायचे काय बोलला राव, आणि मला आतून माहिती असायचं की मी जे बोललो त्यातलं मला स्वतःला काही माहीत नव्हतं. टार्गेट दिसत नसताना आकडे लावायचे हे मी करत आलोय, पण तेव्हा आकडे देणारा माणूस डोळ्यांनी बघून देत होता. इथं आकडे देणाऱ्यालाही काही दिसत नव्हतं.

२०१६ च्या सप्टेंबरच्या शेवटी शेजारच्या धुळे जिल्ह्यातला एक जवान चुकून ताबारेषेपलीकडं गेला होता, २१ जानेवारी २०१७ ला परत आला, तेव्हा मी सर्व्हिसमध्येच होतो. ते जवळजवळ चार महिने आमच्याकडची प्रत्येक आई टीव्हीसमोर बसलेली होती. तिथं बोललेला एक-एक शब्द एखाद्या घरात जाऊन पडतो हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं, कळलं पुढं, स्वतः बोलायला लागल्यावर.

म्हणून २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, एका चॅनलवाल्यानं विचारलं की भुसावळ जंक्शन तुमच्यापासून जवळ आहे, लष्कराच्या गाड्या जाताना दिसतात का, जाऊन तिथून बोलता का, तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. त्याला सांगितलं की केबल टीव्हीच्या नियमातच लिहिलंय, दहशतवादाविरुद्धची कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायचं नाही, नेमलेला अधिकारी जेवढं सांगेल तेवढंच, आणि २६ एप्रिलला सरकारनं सगळ्या चॅनलना ते पुन्हा लेखी कळवलंय. २००८ ला मुंबईत ताजमध्ये काय झालं, पलीकडं बसलेली माणसं आपलाच टीव्ही बघून आत सूचना देत होती, ते सगळं सांगितलं. तो पोरगा ऐकून घेत होता. मग म्हणाला, बरं सर, मग निदान तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी म्हटलं, मला वाटतं की गाडीतली पोरं सुखरूप परत यावी. त्यानं ते घेतलं नाही.

आता जिजीचं सांगतो, कारण हे सगळं लिहायला बसलो ते तिच्यामुळं.

जिजी गावच्या नात्यानं माझी मोठी बहीण. तिचे मालक, आमचे दाजी, १९७३ ला फौजेत गेले, सतरा वर्षं करून १९९० ला नायक म्हणून आले. शांत माणूस, वावरात राबायचे, १५ ऑगस्टला शाळेत मेडल लावून जायचे. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांची पेन्शन बंद झाली आणि जिजीची फॅमिली पेन्शन काही चालू होईना. मी तेव्हा टीव्हीवर बऱ्यापैकी दिसायला लागलो होतो. एक दिवस ती ओट्यावर येऊन बसली, पिशवीत कागद. म्हणाली, "भाऊ, तू टीव्हीवर बोलस ना? मंग मन्ही पेन्शनबी सांग ना त्यास्ले. ते गयात तवयपासून एक रुपयाबी नही भेटना."

मी पिशवी उघडली. दाजींच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशावर, बायकोचं नाव होतं ते तिचं माहेरचं, आणि पुढं 'देवी'. आधारवर सासरचं नाव, पुढं 'बाई'. आमच्याकडं जुन्या काळी लग्नात बायकोचं नाव बदलायचे हे सगळ्यांना माहितीच आहे, अक्षतांच्या वेळी तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहायचं. लग्न १९७८ चं. दाजींनी युनिटमध्ये लग्नाची नोंद दिली, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या दप्तरातली अधिकृत नोंद, निघाली, आणि लिहिणारा कारकून कुठला तरी लांबचा, त्याच्याकडं बायकांना देवीच म्हणतात, त्यानं देवी लिहून टाकलं. दाजींनी माहेरचं नाव का सांगितलं कोण जाणे, लग्नाला आठ दिवस झालेले असतील, तोंडात तेच बसलेलं असेल. त्या एका नोंदीवरून त्रेचाळीस वर्षांनी कागद म्हणत होता की ही बाई दाजींची बायको नाहीच. चार पोरं, सात नातवंडं.

जिजीनं कागद कुणाला दाखवले नव्हते असं नाही. एका खिडकीवर तिला सांगितलं की नाव जुळत नाही, मयताला घेऊन या. बोलणाऱ्याच्या तोंडून ते चुकून गेलं असेल. तिनं मला ते सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मी रडलो.

फॅमिली पेन्शन तीन तऱ्हेची असते आणि हे माहिती असायला पाहिजे. जवान लढाईत गेला तर उदारीकृत, म्हणजे त्याचा शेवटचा पूर्ण पगार. सेवेमुळं म्हणता येईल अशा कारणानं गेला तर विशेष, पगाराच्या ६० टक्के. आणि बाकी सगळ्यांना साधारण, ३० टक्के, कमीत कमी ९,००० रुपये आणि त्यावर महागाई. जिजी या तिसऱ्या रांगेतली. या रांगेत सगळ्यात जास्त बायका आहेत आणि यांच्याकडं कॅमेरा कधी येत नाही. युद्ध लागलं की टीव्हीला फौजी आठवतो, तिरंग्यात गुंडाळून आला की पुन्हा आठवतो, आणि जो सतरा वर्षं बर्फात काढून परत येऊन कापूस वेचतो, मग एक दिवस खाटेवर मरतो, त्याचं आणि त्याच्या बायकोचं कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. मला याचा राग येतो, आणि तो राग मी लपवणार नाही.

नाव दुरुस्तीला २ वर्षं ५ महिने लागले. ग्रामपंचायतीचा दाखला. तहसीलसमोर बसणाऱ्या स्टँपवाल्याकडून १०० रुपयांच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. दोन पेपरांत जाहिरात. लग्नाचा दाखला पाहिजे, तो १९७८ च्या खेड्यात कुणी काढलेला. मग सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला, तिथून नवीन नोंद, आणि मग प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसातून दुरुस्त पीपीओ. शिवाय मध्येच सगळी पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाईन व्यवस्थेत जायला लागली होती, त्यामुळं मोबाईल नंबर, आधार, बँक सगळं एकसारखं पाहिजे, आणि जिजीचा मोबाईल म्हणजे नातवाचा मोबाईल. मी अकरा चकरा मारल्या. काही वेळा ती बरोबर असायची, डबा घेऊन, धुळ्याच्या स्टँडवर आम्ही दोघं बसून खिचडी खायचो.

लग्नाचा पुरावा शोधायला दाजींची ट्रंक उघडली. काळी, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक आणि नाव लिहिलेलं, प्रत्येक फौजीच्या घरी असते तशी. आत एक जुनं बेल्टचं बक्कल, स्वेटर, आणि खाली सुतळीनं बांधलेली निळी आंतरदेशीय पत्रं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गाव नाही, ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. जिजीला वाचता येत नव्हतं, ती पत्रं तेव्हा पोस्टमन वाचून दाखवायचा. आणि वर दाजींच्या हातचा पत्ता, गोल गोल अक्षर, १९७९, १९८१, १९८४, प्रत्येक पत्रावर तिचं सासरचं नाव आणि पुढं बाई. एका पत्राची झेरॉक्स मी अर्जाला जोडली. तसा कागद जोडायला नियमात जागा नाही, तरी जोडली. मूळ पत्रं जिजीनं उचलून देवघरात ठेवली.

या काळात दर रविवारी सकाळी मारुतीच्या ओट्यावर बसायचं सुरू झालं. सुरुवातीला जिजीसारख्या दोघी-तिघी, मग आजूबाजूच्या गावांतून, पुढं एरंडोल, चोपडा, साक्रीहून लोकं यायला लागली. मी वकील नाही. मी कागद वाचतो, मोठ्यानं वाचतो, आणि काय कमी आहे ते सांगतो. बहुतेकांना आपल्या कागदावर काय लिहिलंय हेच कुणी कधी वाचून दाखवलेलं नसतं. नोव्हेंबरात हयातीचे दाखले. घरपट्टीच्या माफीचे अर्ज. इसीएचएसचं कार्ड, ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून आहे पण अजून अशी म्हातारी माणसं भेटतात ज्यांनी कार्ड काढलेलंच नाही.

एक शब्द या ओट्यावर फार येतो. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज नाकारताना कागदावर शेरा असतो की आजार सेवेमुळं झालेला नाही आणि सेवेमुळं वाढलेलाही नाही, आणि इंग्रजी अक्षरांवरून त्याला सगळे 'नाना' म्हणतात. आपल्याकडं नाना म्हणजे घरातला वडीलधारा माणूस, ज्याच्याकडं अडचणीत जायचं. चोपड्याकडचा एक पोरगा माझ्यासमोर बसून म्हणाला, मला नाना लागलाय. भरती होताना धडधाकट होता, पुढं झटके यायला लागले, घरी पाठवला. मी त्याला धरमवीर सिंग यांचा निकाल सांगितला. सिग्नलमधला शिपाई, झटक्यांमुळंच फौजेबाहेर पडलेला, आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असंच धरायचं, नसेल झाला तर ते सरकारनं सिद्ध करायचं, जवानानं नाही. एका शिपायानं लढून मिळवलेला निकाल आहे हा, आणि त्यावर हजारो जणांचं भलं झालं. पोरानं तो कागद घडी करून खिशात ठेवला, आता त्याची केस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे फौजींच्या न्यायाधिकरणात आहे.

वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी सेवा असेल तर कधीही निवृत्त झालेल्याला सारखी पेन्शन, याचं पण असंच. २०१५ च्या जूनपासून जंतरमंतरवर म्हातारे फौजी बसले, मेजर जनरल सतबीर सिंग पुढं होते, पण सतरंजीवर हवालदार, सुभेदार, विधवा सगळे एकत्र. ५ सप्टेंबरला घोषणा झाली, ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू झालं. मी तेव्हा वर्दीत होतो, आम्हाला बोलायची परवानगी नसते, बराकीत टीव्हीसमोर उभं राहून बघायचो फक्त. त्या सतरंजीवरच्या लोकांना बघून मला पहिल्यांदा वाटलं होतं की वर्दी उतरल्यावर तोंड उघडायचं.

टीव्हीचा उपयोग झाला का या कामाला, तर हो, झाला. ज्या ऑफिसात जिजीला बाहेर बसवलं होतं तिथं मी गेलो तर एकजण उठून उभा राहिला, म्हणाला तुम्ही ते टीव्हीवाले ना, चहा मागवला. कागद तेच, पिशवी तीच, बाई तीच. मी चहा प्यालो नाही, तिला पुढं करून म्हटलं हिच्याशी बोला, काम हिचं आहे. पण मला त्या चहाचं ओझं वाटतं, कारण ज्या गावात टीव्हीवाला हवालदार नाही तिथल्या बाईनं कुणाला पुढं करायचं.

सकाळी पारोळा रोडवर पोरं पळतात, भरतीची तयारी, अंधारात बुटांचा आवाज येतो. २०२२ च्या जूनपासून अग्निपथ ही भरतीची योजना आहे, चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढं कायम, बाकीचे सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे घेऊन घरी, पेन्शन नाही. मला टीव्हीवर बोलावून दोन्ही बाजूंनी भांडायला सांगतात. मी पोरांना एवढंच सांगतो की पळा, जा, पण पहिल्या दिवसापासून स्वतःचा प्रत्येक कागद स्वतः वाचा, नाव, जन्मतारीख, आईचं नाव, अक्षर न् अक्षर. माझं स्वतःचं मत असं आहे की चार वर्षांत माणूस तोफ शिकतो आणि ती हातात बसायला लागते तेव्हा त्याला घरी पाठवणं बरोबर नाही. हे मी चॅनलवर बोललोय, आणि त्यानंतर काही महिने फोन कमी झाले.

जिजीचा दुरुस्त पीपीओ २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला. फरकाची सगळी रक्कम आली. तिनं मला भरीत-भाकरीला बोलावलं, हिवाळा लागत होता, वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली. पैशाचं ती फार बोलली नाही. कागद पुढं ठेवून म्हणाली नाव कुठंय, आणि मी बोट ठेवून दाखवलं तर तिनं पण त्यावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ काढलं नाही.

मग २०२४ ची २६ जुलै. कारगिलला पंचवीस वर्षं. सगळ्या चॅनलवर कार्यक्रम, मला पण फोन आला, टायगर हिलबद्दल बोला. मी म्हटलं बोलतो, पण माझ्यासोबत एक बाई असेल, तिला एक मिनिट द्या. पलीकडून लगेच विचारलं, वीरपत्नी आहेत का? म्हटलं नाही, मालक निवृत्त होऊन करोनात गेले. जरा शांतता. मग म्हणाले, सर वीरपत्नी लिहिलं तर चालेल का पट्टीवर, बरं दिसतं. मी म्हटलं नाही चालणार, आणि माझ्या पट्टीवर हवालदार नसेल तर मी पण येणार नाही. पाच वर्षांत मी हे एवढ्या ठामपणे पहिल्यांदा बोललो. दहा मिनिटांनी त्या मुलीचा परत फोन आला, म्हणाली मॅसेज करा सर नावं, जसं पाहिजे तसं लिहिते.

संध्याकाळी जिजी धाब्यावर आली. जांभळं लुगडं, काठाचं, दाजींनी कधीतरी आणलेलं. पाऊस थांबून थांबून येत होता, पुतण्या छत्री धरून उभा. मी मॅसेज टाईप करत होतो तर ती वाकून म्हणाली, "देवी नको लिखू, भाऊ. बाई लिख." मी टायगर हिलचं बोललो, ४ जुलैची पहाट, तोफा किती तास चालल्या वगैरे, मग मोबाईल तिच्याकडं वळवला. अँकरनं विचारलं, आजी, आज तुमच्या भावना काय आहेत? तिनं पायलीकडं बघितलं, मोबाईलकडं बघितलं आणि म्हणाली, "मन्हं नाव आते बराबर शे."

अँकरला ते समजलं नसावं, त्यानं धन्यवाद म्हणून दुसरीकडं वळवलं. पट्टी मात्र सहा-सात सेकंद होती, पुतण्यानं फोटो काढून ठेवलाय, माझ्याही पट्टीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पहिला फोन आला, शिंदखेड्याकडून. बाईचा आवाज, मागं कोंबड्या ओरडत होत्या. म्हणाली, भाऊ, मना कागदवरबी देवी लिखेल शे. मी डावा कान लावला आणि तिला म्हटलं, आधी वरची ओळ वाचून दाखव, घरात कुणाला वाचता येतं का बघ, मी थांबतो.